नसीमाच्या हातचे बोर्ड

मेहकर, १८ नोव्हेंबर १९८५, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपून आज संस्था उघडली. कुलूप काढताना मनात आलं, अजून आठवडाभर बंद असती तर बरं झालं असतं. अध्यक्षबाईंनी असं लिहू नये, पण वही माझी आहे.

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा घरी बसायचं आणि ह्यांच्या गुडघ्यांना तेल लावायचं, एवढंच ठरवलं होतं. मग ही महिला संस्था गळ्यात पडली. आधी पापड केले, मग शाळांचे गणवेश शिवले. उन्हाळ्यापासून नागपूरच्या कंपनीचं काम मिळालंय. भिंतीवरच्या घड्याळांचे बोर्ड जोडायचे. या घड्याळांना काटे नसतात, लाल आकडे उजळतात. ते पहिल्यांदा उजळले तेव्हा झुंबरबाईंनी हातच जोडले. पावसाळाभर एकही बोर्ड परत आला नाही. कंपनीचे साहेब म्हणाले, मेहकरच्या बायकांनी आमच्या नागपूरच्या पोरांना मागे टाकलं.

म्हणून दिवाळीला सगळ्यांना एकसारखी साडी दिली. निळी, पांढऱ्या ठिपक्यांची, नायलॉनची. निवड माझीच. धुतली की वाळली, इस्त्रीची कटकट नाही. संस्थेत रोज हीच नेसायची असं ठरलं, आज सगळ्या तीच नेसून आल्या. खोली कशी शाळेसारखी दिसत होती. फरशी आता गार पडते, अनवाणी पायांना ठणका लागतो, म्हणून टेबलांखाली प्लॅस्टिकच्या चटया अंथरून घेतल्या.

बाकीच्या शिसं वितळवून डाग देतात, तारा कापतात. आयसी बसवायचं काम एकट्या नसीमाचं. आयसी म्हणजे दोन्ही बाजूंनी पाय असलेला काळा तुकडा, गोमेसारखा. घड्याळाची सगळी अक्कल त्यात. नसीमाचा डावा हात मनगटात पुरता वळत नाही. विहिरीवर पडले होते म्हणते. पण उजव्या हाताची बोटं अशी हलकी, की आयसीचा एक पाय वाकत नाही. तिला लोणारला दिली होती. वर्ष झालं, इथं भावाकडे राहते. नवऱ्याकडे कधी जाणार विचारलं की विषय बदलते. तरुण मुलीनं असं अर्धवट राहू नये, हे मी तिला दोनतीनदा सांगितलंय. ऐकून घेते आणि हसते.

२७ नोव्हेंबर, बुधवार

आयसी कंपनीकडून येतात ते एका काळ्या स्पंजात टोचलेले. तो स्पंज हाताला काळं करतो, आणि दिसायलाही घाणेरडा. आज सगळा फेकून दिला. बाजारातून पारदर्शक डब्या आणल्या, आत थर्माकोल कापून बसवला आणि त्यात आयसी ओळीनं लावले. नीटनेटकं दिसतंय. थर्माकोलचे दाणे मात्र नसीमाच्या हाताला असे चिकटतात की झटकले तरी पडत नाहीत. ती हात वर करून दाखवत होती, "पाहा बाई, मले खीर लागली हाताले!" सगळ्या हसल्या. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

९ डिसेंबर, सोमवार

नागपूरहून पेटी परत आली. बोर्ड मेले आहेत. काही उजळतच नाहीत, काहींचे आकडे अर्धे. आठाचा तीन दिसतो. इथून निघताना सगळे मीच तपासले होते, सगळे चालू होते. रस्त्यात आदळले असतील, असं कंपनीला कळवलं.

घरी आले तर ह्यांनी विचारलं, "काऊन वो, तोंड उतरलं तुहं?" मी काही नाही म्हटलं. ह्यांना सांगितलं की ते बंद कर म्हणतील, आणि मला ते आवडेल. म्हणून सांगितलं नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

थंडी कोरडी आहे. ओठ फुटलेत, टाचा फुटल्यात. आता बोर्ड इथल्या इथेच मरू लागलेत. सकाळी लावला, दुपारी तपासला, गेला. दुसरा आयसी घातला की चालू होतो, म्हणजे डाग बरोबर आहेत, तारा बरोबर आहेत. मरतो तो आयसी.

जेवणाच्या सुट्टीत झुंबरबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या वयानं मोठ्या, संस्थेत पहिल्या दिवसापासून आहेत, त्यांचं ऐकावं लागतं. हळूच म्हणाल्या, "बाई, आयसी कोनाच्या हातून जाते, तुमी पाहून राह्यल्या ना? मी काई म्हनत नाई बाप्पा. पन तिचा हातच वाकडा हाये."

"डावा हात वाकडा आहे. ती उजव्यानं बसवते," मी म्हटलं.

"तेच तर म्हनतो मी. मी काईच म्हनत नाई."

२१ डिसेंबर, शनिवार

कंपनीचा निरोप आला. जानेवारीत सुधारणा दिसली नाही तर साहेब येऊन सामान घेऊन जातील.

आज दिवसभर नसीमाच्या मागे उभी राहिले. कुठे चुकते ते पाहायचं होतं. तिला घाम फुटला होता, या थंडीत. "बाई, तुमी मांगं उभ्या राह्यल्या का मले काईच सुचत नाई," म्हणाली. मी म्हटलं, मी उभी राहणारच. संध्याकाळी तपासले, अर्धे मेलेले. चुकली कुठेच नव्हती. मला तर दिसली नाही.

परत येताना दाराच्या कडीला हात लावला तर चटका बसला. हल्ली कशालाही हात लावावा तर चावतं. वय झालं.

२८ डिसेंबर, शनिवार

नसीमाला थांबवलं.

दुपारी सगळ्याजणी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. बोलल्या फक्त झुंबरबाई. एका हातापायी सगळ्याईच्या चुली काऊन इझाव्या, असं म्हणाल्या. एकीनं मागून आणखी काही म्हटलं. ते मी इथे लिहीत नाही. नसीमा त्यांच्यातली नाही, हे त्यात होतं. मी जातपात पाहिली नाही, असं लिहिते. लिहावं लागलं, एवढंच.

तिला बाजूला घेऊन सांगितलं की काही दिवस घरी राहा. तिनं विचारलं, "माह्या हातानं मरते का ते?"

मी म्हटलं, "तसंच दिसतंय, नसीमा."

तिनं उजवा हात उलटासुलटा करून पाहिला, जसं काही त्याला काही लागलंय. मग साडी परत करू का, विचारलं. मी म्हटलं, ठेव.

रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

३ जानेवारी १९८६, शुक्रवार

वर्षाच्या पहिल्या दिवसापासून पाऊस आहे. अवकाळी. कापसाच्या गाड्या ताडपत्र्या टाकून उभ्या आहेत, लोक हैराण. भिंतींना ओल आलीये, साड्या अंगाला चिकटतात.

आयसी आता झुंबरबाई बसवतात, चष्मा लावून, देवाचं नाव घेऊन. तीन दिवसांत एक बोर्ड मेला नाही.

म्हणजे तीच होती. मला हायसं वाटलं, आणि लगेच थकवा आला. घरी येऊन न जेवता झोपले.

८ जानेवारी, बुधवार

ढग अजून आहेत. काम चांगलं चाललंय. कंपनीला पेटी पाठवली.

नसीमाचा भाऊ हैदर भेटायला आला. गाद्या भरण्याचं दुकान आहे त्याचं. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तर आला नाही. म्हणाला, "बाई, बहिनीले लोनारले पोचवून आलो. घरात बसून राह्यली का लोक बोलतात. तिची सास अमीनाबी वर्षापासून बोलावून राह्यली व्हती. कामाचं कारन व्हतं तं मी नाई म्हनत व्हतो. आता कारन नाई राह्यलं."

"बरं झालं," मी म्हटलं. "आपल्या घरी गेली."

तो माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिला. मग "हाव" म्हणाला आणि गेला. काय पाहत होता कोण जाणे. त्याच्या बहिणीचा संसार मार्गी लागला, निदान एवढं तरी या भानगडीतून बरं झालं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

आभाळ साफ झालं. उत्तरेचा वारा सुटलाय, धूळ उडते, पापडासारखी हवा. बायकांनी तिळगूळ वाटले. झुंबरबाईंनी मला लाडू देताना हाताला हात लागला तर दोघींनाही चटका बसला. "बाई तं करंट मारते!" म्हणून सगळ्या हसल्या.

दुपारी तपासले. चार मेले.

झुंबरबाईंच्या डोळ्यांना कमी दिसत असेल.

१७ जानेवारी, शुक्रवार

आजही मेले. मी कोणाशी बोलले नाही. झुंबरबाई पण बोलत नाहीत. त्यांच्या मागे उभं राहायला हवं होतं, नसीमाच्या मागे राहिले तशी. राहिले नाही. माझ्यात आता ताकद नाही, असं कारण स्वतःला दिलं.

खरं कारण मला माहीत आहे. उभी राहिले असते आणि चूक दिसली नसती, तर?

२२ जानेवारी, बुधवार

कंपनीचे हिंमतराव साहेब आले. पन्नाशीचे, अंगात स्वेटर, डोळ्यांखाली काळं. रात्रभर गाडीत बसून आले होते. म्हणाले, बाई, वाईट वाटतं, पण सामान न्यायला आलोय. मी म्हटलं, न्या. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं.

झुंबरबाईंनी चहा दिला. स्टीलचा पेला. साहेबांनी हात पुढे केला आणि पेला हातात जायच्या आत टच्च आवाज झाला. साहेब दचकले, चहा सांडला, बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

साहेब हसले नाहीत. आधी पेल्याकडे पाहिलं, मग झुंबरबाईंच्या साडीकडे, मग खाली चटईकडे. मग एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे गेले.

"बाई, साड्या नायलॉनच्या आहेत?"

"हो. सगळ्यांना एकसारख्या दिल्या."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि आयसी याच्यात ठेवता? थर्माकोलमध्ये? काळा स्पंज कुठं गेला?"

"फेकला. हात काळे होत होते."

ते खुर्चीवर बसले. बराच वेळ कपाळ चोळत राहिले. रागावतील असं वाटलं, पण रागावले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. सुका नायलॉन अंगाला घासला, पाय प्लॅस्टिकवर घासले, की अंगात वीज साठते. पावसाळी हवेत ती आपोआप निघून जाते, कोरड्या हवेत जायला वाट नसते. मग जिथे हात लागेल तिथे उडी मारते. आपल्याला चटका कळतो तेव्हा ती हजारो व्होल्ट असते. पण आयसीला मरायला त्याच्या दहाव्या हिश्शाचीही गरज नाही. तेवढी वीज अंगातून गेली तर ना दिसते, ना ऐकू येते, ना कळते. आयसीच्या आत केसाहून बारीक पापुद्रे असतात, त्यांना भोक पडतं. थर्माकोल तर तीच वीज धरून बसतो. काळा स्पंज होता तो आयसीचे सगळे पाय एकमेकांशी जोडलेले ठेवायला, म्हणजे वीज आत शिरू नये म्हणून.

"आणि काही आयसी लगेच मरत नाहीत," साहेब म्हणाले. "घायाळ होतात. तपासले तेव्हा चालू, महिन्याभरानं भिंतीवर मरतात."

मी चौथीच्या वर्गाला कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवायची. दर वर्षी. मुलं टाळ्या वाजवायची.

"म्हणजे हात कोणाचाही असता तरी…" मी विचारलं.

"कोणाचाही. तुमचाही. आमच्याकडेही नागपुरात मागच्या हिवाळ्यात हेच झालं. आम्हाले वाटलं पोरं हलगर्जी करून राह्यली. दोघांले काढून टाकलं."

"मग नंतर परत घेतलं?"

साहेबांनी पेला खाली ठेवला. "नाही. आता कोन जाईन त्यांच्या दारी?"

ते सामान न नेता गेले. काय काय करायचं ते सांगून गेले. महिन्याची मुदत दिली.

झुंबरबाई जाताना माझ्याकडे न पाहता गेल्या. मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

२७ जानेवारी, सोमवार

चटया गुंडाळल्या, थर्माकोल बाहेर काढला. सगळ्या सुती लुगड्यांत आल्या. खोलीत ओली गोणपाटं टांगलीत, सारखी भिजवावी लागतात. टेबलावर जस्ताचा पत्रा, त्याला तार, तार अंगणात गाडलेल्या नळीला. आयसी बसवणारीच्या मनगटाला तांब्याचं कडं आणि त्यालाही तार. साहेबांनी त्या तारेत मध्ये घालायला एक छोटा रंगीत तुकडा दिलाय, म्हणजे चुकून विजेला हात लागला तर बाईला काही होऊ नये.

झुंबरबाईंनी कडं पाहून विचारलं, "आता आमाले खुट्याले बांधता का?"

"मी आधी बांधून घेते," मी म्हटलं, आणि दिवसभर मीच आयसी बसवले. डोळे दुखले, मान अवघडली. माझ्या हातून आयसीचे दोन पाय वाकले. पण हवा तशीच कोरडी असताना एकही मेला नाही.

घरी ह्यांना सगळं सांगितलं. सुरुवातीपासून. ह्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मंग लोनारची यष्टी किती वाजता हाये?"

मी म्हटलं, ती आता तिच्या घरी सुखात असेल, उगाच कशाला.

"तुले कोनं सांगतलं सुखात हाये म्हनून?" हे म्हणाले. "विहिरीवर पडल्यानं मनगट असं नाई होत सुभद्रे. मी दवाखान्यात तीस वर्षं पट्ट्या बांधल्या. असं मनगट पिरगाळल्यानं होते."

ते हे मला आज सांगत आहेत. मी विचारलंच कधी होतं?

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळच्या गाडीनं लोणारला गेले. घर विचारत विचारत सापडलं, सरोवराकडे उतरणाऱ्या बाजूला, शेवटच्या वस्तीत. अमीनाबी दारात गहू निवडत होती. नसीमा आत चुलीशी. नवरा घरी नव्हता. बाहेर आली ती डोक्यावरून पदर ओढून, उजवा हात पदराखाली धरून. उजवा.

"दाखव," मी म्हटलं.

"काई नाई बाई. पडले."

या वेळी मी ऐकून घेतलं नाही. पदर बाजूला केला. दोन बोटं सुजून निळी पडली होती.

अमीनाबी म्हणाली, "घरातलं घरात राहू द्या बाई. माहा पोरगा तापट हाये, मनानं वाईट नाई. तुमी चहा घ्या अन् जा."

मी नसीमाला सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच. साडी, चटई, थर्माकोल, हवेतला कोरडेपणा. तिला किती समजलं माहीत नाही. ती फक्त माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"म्हंजे माह्या हातानं नाई मेले?"

"नाही. तुझ्या हातानं नाही. मी दिलेल्या वस्तूंनी मेले."

"झुंबरबाईले सांगतलं?"

"साहेबांचं त्यांनीही ऐकलंय. पण तुझं नाव अजून कोणी काढलं नाही."

"सगळ्याईसमोर सांगसान?"

"सांगेन."

"हैदरलेबी?"

"त्यालाही."

ती आत गेली. मला वाटलं, परत चुलीशी बसली. पण चपला घालून बाहेर आली, हातात काही नाही. अमीनाबी उठली, तिनं दंडाला धरलं. नसीमानं हिसका दिला नाही, फक्त थांबली आणि म्हणाली, "अम्मी, तुमीबी तं रात्री आयकता ना?"

म्हातारीचा हात आपोआप सुटला. ती पुन्हा गव्हाशी बसली आणि आमच्याकडे पाठ केली. मला वाटतं, आम्ही वळणापलीकडे जाईपर्यंत तिनं एक दाणा निवडला नसेल.

गाडीत नसीमा खिडकीशी बसली. मेहकर आलं तेव्हा म्हणाली, "हैदरकडे नाई जात मी. तो पुन्हा पोचवन."

आज आमच्याकडेच ठेवून घेतली. झोपली आहे. ह्यांनी बोटांना पट्टी बांधली.

३ फेब्रुवारी, सोमवार

हैदरलाही बोलावलं होतं. दारातच उभा होता, तसाच.

चाळीस वर्षं वर्गासमोर बोलले, तशी सगळ्यांसमोर उभी राहिले. मी सांगितलं, की आयसी नसीमाच्या हातानं मेले नाहीत. साडी मी निवडली, चटया मी टाकल्या, स्पंज मी फेकला, आणि तिला घरी मी बसवलं. कारण समजत नव्हतं, म्हणून एक माणूस धरला. तुम्ही म्हणालात म्हणून मी केलं, असं म्हणता आलं असतं. पण निर्णय माझा होता.

नसीमा भिंतीला टेकून उभी होती, पट्टी बांधलेला हात पोटाशी धरून. शेवटी झुंबरबाई उठल्या. मला वाटलं माफी मागतील. नाही मागितली. तिच्या बोटांकडे पाहून एवढंच विचारलं, "कोनं केलं हे?" नसीमानं हात पदराखाली घेतला. झुंबरबाईंनी स्वतःची खुर्ची ओढून तिच्यामागे ठेवली आणि स्वतः फरशीवर जाऊन तारा कापायला बसल्या. नसीमा बराच वेळ उभीच राहिली. मग बसली. जेवणाच्या सुट्टीत मात्र एकटीच जेवली, तोंड भिंतीकडे करून. दोघीतिघींनी बोलावलं. गेली नाही. मी कोण तिला जा म्हणणार?

हैदर जाताना मला म्हणाला, "बाई, तिचा नवरा येईन." मी म्हटलं, येऊ दे. माझ्या आवाजात जोर नव्हता, पण म्हटलं. कंपनीचं काम महिन्यानंतर राहील की नाही, तेही माहीत नाही. बोटं बरी व्हायला किती दिवस लागतील, हेही नाही.

संध्याकाळी संस्थेच्या मागची सामानाची खोली मोकळी केली. पापडाच्या वेळच्या कढया बाहेर काढल्या, हैदरनं एक गादी आणून टाकली, पैसे विचारले तर ऐकू न आल्यासारखं केलं. नसीमानं खोली झाडली, एका हातानं. मी कंदील, माठ, काडेपेटी ठेवली. तिला म्हटलं, भीती वाटली तर आमच्याकडे ये, घर जवळ आहे.

"नाई वाटत बाई," ती म्हणाली. "तुमी जा आता."

मी बाहेर आले. पायऱ्या उतरत होते तेव्हा मागे तिनं आतून कडी लावल्याचा आवाज आला. मग ती खेचून पाहिल्याचा, एकदा, पुन्हा एकदा. नीट बसली होती.